घरचा स्विमिंग पूल मिठाच्या पाण्यावर नेताना: पाणी, दगड आणि पावसाचा हिशेब

बंगल्यातला किंवा फार्महाउसवरचा पूल मिठावर न्यायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो, मशीन कुठले घेऊ? माझ्या मते हा प्रश्न चौथा आहे. पूलमध्ये पाणी कुठले भरता, काठाला दगड कोणता लावलाय आणि तुमच्याकडे पाऊस किती पडतो, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. मशीन बसवणे हे एका दिवसाचे काम आहे. बाकीच्या गोष्टी चुकल्या तर त्या वर्षानुवर्षे निस्तरत बसावे लागते.

काम कसे चालते ते आधी थोडक्यात. मिठाच्या पूलमध्येही क्लोरीनच असते. फरक इतकाच की ते डब्यातून येत नाही, तिथल्या तिथे तयार होते. फिल्टरमधून परतणारे पाणी एका सेलमधून जाते. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. त्यांतून डीसी वीज सोडली की पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन होते, ते पाण्यात मिसळून जंतू मारते आणि काम झाल्यावर पुन्हा क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाग होते. म्हणून मीठ संपत नाही. या क्रियेत हायड्रोजनचे बुडबुडेही निघतात आणि ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर घालवतात, त्यामुळे पीएच सतत वर चढत राहतो. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे दर आठवड्याला कामाला येईल.

खारटपणाची भीती अनाठायी आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक सेलना ३ ते ४ ग्रॅम पुरतात, म्हणजे ३००० ते ४००० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). तोंडात गेले तर किंचित चव लागते, डोळे मात्र चुरचुरत नाहीत.

आधी पाणी तपासा

घरगुती टेस्ट किटवर फक्त पीएच आणि क्लोरीन कळते, ते पुरेसे नाही. पाण्याचा नमुना चांगल्या प्रयोगशाळेत द्या किंवा सविस्तर किट आणा आणि पाच आकडे मिळवा: पीएच, टोटल अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर धरण्याची ताकद), कॅल्शियम हार्डनेस (पाण्याचा जडपणा), सायन्युरिक अॅसिड आणि क्लोराइडवरून काढलेले मीठ.

यातला सायन्युरिक अॅसिडचा आकडा आपल्याकडे हमखास दगा देतो. घरगुती पूलमध्ये वर्षानुवर्षे टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अॅसिड या क्लोरीन देणाऱ्या रसायनाच्या, गोळ्या किंवा पावडर पडलेली असते. टीसीसीएमधून १० पीपीएम क्लोरीन मिळाले की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक अॅसिडही पाण्यात उतरते. क्लोरीन उडून जाते, हे मात्र तिथेच साठत राहते. थोडे हवेच असते, कारण ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. मिठाच्या उघड्या पूलसाठी ५० ते ७० पीपीएम ठीक. शंभराच्या वर गेले की क्लोरीन पाण्यात असूनही सुस्तावते आणि भिंतींना हिरवे शेवाळ धरते. मग दोष नव्या मशीनला दिला जातो. यावर रसायन नाही, थोडे पाणी काढून नवे भरणे हाच उपाय. १४० असेल आणि ७०वर आणायचे असेल तर निम्मे पाणी बदलावे लागेल. हे मीठ घालण्याआधी करा. नंतर केले तर पाण्याबरोबर मीठही गटारात जाईल.

पाणी काढताना एक सावधगिरी. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे जमिनीखालचे पाणी वर आलेले असते. अशा वेळी पूल पूर्ण रिकामा केला तर खालून येणाऱ्या दाबाने तळ उचलला जाऊ शकतो, भिंतीला तडे जाऊ शकतात. फायबरच्या पूलला तर धोका जास्तच. निम्मे बदलायचे असले तरी टप्प्याटप्प्याने बदला, एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त काढू नका.

दुसरा आकडा हार्डनेसचा. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बरेचदा जड असते, टँकरवाला तेच आणतो. कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएमच्या दरम्यान हवा. त्याहून फार जास्त असेल तर सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो, कारण ज्या पट्ट्यांवर हायड्रोजन निघतो तिथेच पीएच सगळ्यात जास्त असतो. नगरपालिकेचे पाणी किंवा पावसाचे साठवलेले पाणी निम्म्याने मिसळता आले तर उत्तम. नाहीच जमले तर पीएच आणि अल्कलिनिटी खालच्या बाजूला ठेवून आणि सेल वेळोवेळी धुऊन निभावता येते, पण ते काम तुमच्यामागे कायमचे लागेल. जडपणा खूपच जास्त आणि दुसरे पाणी मिळण्याची शक्यता नाही, तर मी मिठावर जाण्याचा सल्ला देणार नाही.

किनाऱ्यालगत, अलिबाग-मुरूडपासून गोव्यापर्यंत, विहिरीला खाजणाचे खारे पाणी लागलेले असू शकते. म्हणून पूलमध्ये आधीच किती मीठ आहे ते मोजल्याशिवाय एक किलोही घालू नका. पेनासारखे टीडीएस मीटर इथे फसवते. ते सगळेच विरघळलेले क्षार मोजते, त्यातले मीठ किती ते सांगत नाही. क्लोराइड मोजणाऱ्या पट्ट्या घ्या.

दगड आणि धातू

काठावर पाणी उडते, सुकते, मीठ दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. वालुकाश्म आणि जैसलमेरचा पिवळा दगड यात पहिले जातात. कोकण-गोव्यातला जांभा सच्छिद्रच. शहाबादी आणि कोटा बऱ्यापैकी टिकतात, पण पॉलिश मंद होते. ग्रॅनाइट आणि घट्ट काळा बेसाल्ट निर्धास्त. मऊ दगड असेल तर आत शोषला जाणारा सीलर लावा, वर चकाकी आणणारा नको, कारण त्याखाली ओल कोंडते. शिवाय पोहून झाल्यावर काठावर गोड्या पाण्याचा पाइप फिरवण्याची सवय लावा. माळीकाका हे पाच मिनिटांत करतात आणि सीलरइतकाच त्याचा उपयोग होतो.

धातूंची यादी स्वतः फिरून करा. शिडी आणि रेलिंग स्टेनलेस ३०४ची असेल तर तपकिरी ठिपके पडतील, ३१६ चालते. पंपघरात जीआय पाइप किंवा पितळी व्हॉल्व्ह असेल तर यूपीव्हीसीचा बसवून घ्या. हीट पंप असेल तर आतला एक्स्चेंजर टायटॅनियमचा आहे का ते पाहा. तांब्याचा असेल तर तांबे पाण्यात उतरते, भिंतीवर डाग येतात, सोनेरी केस हिरवट होतात. दिव्यांच्या चकत्या आणि स्क्रूसुद्धा बघा. मोझॅक टाइल्सना काही होत नाही. त्यांच्या मधले सिमेंटचे ग्राउट झिजते, ते पुन्हा भरायची वेळ आलीच असेल तर इपॉक्सी ग्राउट वापरा.

पाऊस

बाहेरच्या देशांतल्या मार्गदर्शिका वाचून मिठाचा पूल केला की हमखास इथे गणित चुकते. त्यांच्या हिशेबात आपला पावसाळा नसतो.

पूलची सरासरी खोली १.३ मीटर आहे असे धरा. पाऊस थेट पूलमध्ये पडतो आणि तेवढेच पाणी ओव्हरफ्लोने बाहेर जाते. नवे पाणी नीट मिसळत गेले तर खोलीइतका, म्हणजे १३०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर मूळ मिठापैकी साधारण ३७ टक्केच उरते. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे चाळीस टक्क्यांपर्यंत मीठ जाईल. ते परवडते. लोणावळ्यात पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो, तिथे सप्टेंबरअखेर पूल जवळजवळ गोडा झालेला असेल. प्रत्यक्षात पावसाचे हलके पाणी वरच्या वर वाहून जाते, त्यामुळे नुकसान यापेक्षा कमी होते, पण दिशा हीच.

म्हणून घाटमाथ्यावर आणि कोकणात मी असे करतो: मीठ ऑक्टोबरच्या अखेरीस घालायचे, मेअखेर मशीन बंद करायचे, सेल काढून धुऊन कोरडा ठेवायचा आणि पाच महिने पूल साध्या लिक्विड क्लोरीनवर चालवायचा. पावसाळ्यात जवळजवळ गोड्या पाण्यात सेल चालवत मीठ कमी असल्याचा लाल दिवा बघत बसण्यात अर्थ नाही, आणि कमी मिठात सेल चालवल्याने पट्ट्यांचा लेप लवकर झिजतो. पूलवर छप्पर किंवा घट्ट बसणारे कव्हर असेल तर हा खटाटोप टळतो.

वाहून जाणारे पाणी कुठे जाते, हेही आधी पाहा. ओव्हरफ्लो आणि बॅकवॉशचे (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतानाचे) पाणी विहिरीकडे, हापूसच्या कलमांकडे किंवा शेजाऱ्याच्या भातखाचराकडे जात असेल तर वाट बदला. नारळ थोडे मीठ सोसतो, बाकीची बाग सोसत नाही. सेप्टिक टँकमध्येही ते सोडू नये.

मोजमाप आणि मशीन

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणा, आलेल्या घनमीटरला हजाराने गुणले की लिटर. ८ बाय ४ मीटरचा पूल, खोली १ पासून १.६ पर्यंत, म्हणजे सरासरी १.३. पाणी ४१,६०० लिटर. लंबगोल असेल तर त्याला ०.७८५ने गुणा. काजूच्या आकाराच्या पूलचे गणित अंदाजानेच करावे लागते, पण पुढे मीठ घालताना ते अचूक करून घेण्याची युक्ती आहे.

आता सेल. आपल्या उन्हात, सायन्युरिक अॅसिड योग्य असताना, दिवसाला २ ते ४ पीपीएम क्लोरीन खर्ची पडते. ३ धरले तर ४१,६०० लिटरना रोज सुमारे १२५ ग्रॅम. पंप आठ तास चालतो, म्हणजे तासाला साधारण १६ ग्रॅम. बाजारात यासाठी १५ ग्रॅमचे मशीन दाखवतील. ते घेऊ नका. २५ ग्रॅमचे घ्या आणि ६० ते ७० टक्क्यांवर चालवा. सेलचे आयुष्य तासांत मोजतात, आणि पाहुणे आले, पाणी तापले की वरची क्षमता कामी येते. सेलवर छापलेले 'इतक्या हजार लिटरसाठी' हे लेबल बहुधा चोवीस तास पंप चालेल असे गृहीत धरलेले असते.

मशीन घेताना तीन गोष्टी विचारा. पट्ट्यांवरचा थर सुटावा म्हणून विजेची दिशा आपोआप उलटते का? पाणी वाहायचे थांबले की सेल बंद करणारा फ्लो स्विच आहे का? आणि पाच वर्षांनी नुसता सेल बदलून मिळेल का? तिसऱ्याला दुकानदार अडखळला तर दुसरे दुकान शोधा. सेल ही घासून संपणारी वस्तू आहे आणि मिठाच्या पूलचा खरा खर्च तिथेच आहे.

भिंतीवर लटकवलेल्या पाइपलेस फिल्टरचा पूल असेल तर इनलाइन सेल बसवायला पाइपच नसतो. फिल्टर देणाऱ्याकडे त्याच्याशी जुळणारा सेल आहे का ते विचारून मगच पुढे जा.

बसवणी

सेलची जागा सर्वांत शेवटी: पंप, फिल्टर, हीटर आणि मग सेल. आधी बसवला तर क्लोरीनचे तीव्र पाणी हीटर खाऊन टाकते. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने खोलता येणारे जोड, लावा, म्हणजे धुताना करवत लागणार नाही. पाण्याच्या दिशेचा बाण बघा. सेलच्या आधी एखादी फूट सरळ पाइप ठेवा. सॉल्व्हंट सिमेंटचे सांधे पूर्ण सुकू द्या, चोवीस तास थांबलेले बरे.

वीज मात्र स्वतः जोडू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा आणि त्याच्याकडून दोन कामे डोळ्यांदेखत करून घ्या. पहिले, मशीनला पुरवठा पंपाच्या स्टार्टरमधूनच जाईल, पंप बंद तर सेल बंद. पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर पाइपात हायड्रोजन साठतो आणि स्फोट होऊ शकतो. फ्लो स्विच हे दुसरे संरक्षण, पहिले नव्हे. दुसरे काम, पूलच्या सगळ्या सर्किटला ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी एकत्र जोडलेले चांगले अर्थिंग. खारे पाणी वीज जास्त सहज वाहते. इथे काटकसर करू नये.

मीठ

मिठागरातले खडे मीठ स्वस्त मिळते. पेण-उरणकडच्या मंडळींना तो मोह होणारच. पण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि मातीही येते, ती सेलवर आणि तळावर बसते. किराण्यातले मीठही नको, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्ये असतात, त्यांचे डाग पडू शकतात. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे ते औद्योगिक मीठ म्हणूनच मागावे लागेल: रिफाइंड, बिनआयोडीन, ९९ टक्क्यांहून शुद्ध. वॉटर सॉफ्टनरच्या गोळ्याही चालतात, विरघळायला वेळ घेतात एवढेच.

हिशेब असा. पाण्यात आधीच ६०० पीपीएम आहे, हवे ३४००, म्हणजे वाढ २८०० पीपीएम. दर हजार लिटरला २.८ किलो, ४१,६०० लिटरना सुमारे ११६ किलो. एकदम सगळे ओतू नका. जास्त झालेले मीठ काढायचा एकच मार्ग आहे, पाणी फेकणे.

मशीन बंद ठेवा, पंप चालू. १०० किलो मीठ उथळ बाजूने काठाकाठाने पसरत टाका, स्किमरमध्ये (काठावरच्या, वरचे पाणी ओढणाऱ्या तोंडात) नाही आणि तळाच्या ड्रेनवर ढीग नाही. मऊ ब्रशने तळ ढवळत राहा. चोवीस तास पाणी फिरू द्या, मग मोजा. आता ती युक्ती: १०० किलोने आकडा ६०० वरून ३००० झाला, म्हणजे २४०० ने वाढला, तर १,००,००० ग्रॅमला २.४ने भागा. ४१,६६७ लिटर. हे तुमच्या पूलचे खरे माप, ते पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. उरलेले १६-१७ किलो आता निश्चिंतपणे घाला.

मशीन सुरू करण्याआधी बाकीचे आकडे जागेवर आणा. पीएच ७.४च्या आसपास, अल्कलिनिटी ६० ते ८०. ही साध्या पूलपेक्षा मुद्दाम कमी ठेवलेली आहे, त्यामुळे पीएच सावकाश चढतो. कमी पडली तर १० पीपीएम वाढवायला १०,००० लिटरमागे १७० ग्रॅम खायचा सोडा लागतो. सायन्युरिक अॅसिड कमी असेल तर १० पीपीएमसाठी १०० ग्रॅम, जुन्या मोज्यात भरून परतीच्या पाण्यासमोर टांगायचे. ते विरघळायला काही दिवस घेते.

पहिल्या दिवशी क्लोरीन सेलकडून मागू नका. लिक्विड क्लोरीनने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने, ३ पीपीएमवर आणा. १० टक्क्यांचे द्रावण असेल तर १ पीपीएमसाठी १०,००० लिटरला १०० मिलिलिटर. सेलचे काम पातळी टिकवण्याचे आहे, शून्यातून वर आणण्याचे नाही. मग ५० टक्क्यांवर सुरू करा, रोज त्याच वेळी मोजा, पाच-पाच टक्क्यांनी फिरवत २ ते ४ पीपीएमवर स्थिर करा. पंपाचे निदान निम्मे तास दिवसाउजेडी ठेवा, क्लोरीन तेव्हाच उडते.

नंतरचे आठवडे

पीएच दर आठवड्याला बघायचाच. ७.८वर गेला की हायड्रोक्लोरिक अॅसिड, ३० टक्क्यांचे, १०,००० लिटरला १०० मिलिलिटरपासून सुरुवात. बादलीत आधी पाणी, मग त्यात अॅसिड, उलटे कधीच नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूला ओता, चार तासांनी मोजा. अॅसिड आणि क्लोरीन एकाच बादलीत, एकाच मापाने, एकाच हाताने लागोपाठ वापरायचे नाही. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो.

बाष्पीभवनाने पाणी कमी झाले तर फक्त गोडे पाणी भरा. मीठ उडत नाही, ते जागेवरच असते. बॅकवॉशमध्ये मात्र जाते: ८०० लिटर पाणी म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास मीठ. महिन्यातून एकदा मोजले की पुरते.

शनिवार-रविवारच्या बंगल्यांसाठी एक सूचना. आठवडाभर पूल रिकामा आणि शनिवारी पंधरा जण, हा धक्का सेल त्याच दिवशी भरून काढू शकत नाही. शुक्रवारी रात्रीच मशीन बूस्टवर, म्हणजे पूर्ण क्षमतेवर, टाका किंवा थोडे लिक्विड क्लोरीन घाला. वीज सहा-आठ तास जात असेल तर लिक्विड क्लोरीनचा एक कॅन घरात असलाच पाहिजे. तो उन्हात जोर गमावतो, म्हणून सावलीत, आणि दोन महिन्यांपेक्षा जुना नको.

सेल दर दोन-तीन महिन्यांनी काढून आत डोकवा. पांढरा थर असेल तरच धुवा. दहा भाग पाण्यात एक भाग अॅसिड, पंधरा मिनिटे, बुडबुडे थांबले की गोड्या पाण्याने खळखळून. स्क्रूड्रायव्हरने खरवडले तर लेपही निघतो. विनाकारण धुतल्यानेही निघतो. चांगला सांभाळलेला सेल तीन ते पाच वर्षे जातो. क्लोरीन येईनासे झाले की लगेच नवा आणू नका: मीठ, सायन्युरिक अॅसिड, पाण्याचा वेग आणि पट्ट्यांवरचा थर आधी तपासा. थंडीत पाणी १५ अंशांच्या खाली गेले तरी उत्पादन घटते, नाशिक किंवा महाबळेश्वरकडच्यांनी डिसेंबर-जानेवारीत हे लक्षात ठेवावे.

आणि पंपघरात उरलेली टीसीसीएची बादली. ती तिथून आजच हलवा. तिच्या वाफेने नव्या मशीनचे सर्किट काही महिन्यांत गंजते. ब्लीचिंग पावडरच्या शेजारी तर मुळीच ठेवू नका, दोन्ही एकमेकांत सांडली तर आग लागू शकते. कोरड्या, हवेशीर, कुलूपबंद जागी ठेवा, किंवा गोळ्यांवर पूल चालवणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला देऊन टाका.